तांदळाएवढा फरक

सुधाम जांभळे पेटी टेबलावर ठेवतो
आणि आधी स्वतःचंच गाऱ्हाणं सांगतो :
वडाळ्याला बाराव्या मजल्यावर फॉल्स सीलिंग,
चार माणसं परांचीवर बिड्या ओढत बसलेली,
आणि हिचं डोकं फिरत नाही.
लाल ठिपका सकाळपासून एकाच खांबाला चिकटलाय.
"मोटर गेली," तो म्हणतो.

सगळे हेच म्हणतात.
लोपीसकाका म्हणायचे,
घरात वाटी हरवली की पहिलं नाव भांडीवालीचं,
लेव्हल बंद पडली की मोटरचं.

मी लगेच स्क्रू काढत नाही.
आधी सेल. चालू करून मीटर लावते :
सहातले पावणेसहा उरतात. सेल निर्दोष.
मग कान.
मशीन कानाशी धरलं की आधी बारीक करकर,
स्वतःला सरळ करून घेणाऱ्या दोन मोटरींची,
ती थांबली की तिसरीचा घुमणारा घों.
इथे करकर नीट संपते,
पण घों येत नाही.
त्या जागी, बंद दाराला आतून
कुणी खांदा लावून रेटत राहावं,
तसं काहीतरी.

"किती वेळ?"
"चहा सांगा."

चार स्क्रू, एक रबरी कडं.
आत पीओपीची धूळ आणि जुनं ग्रीस
मिळून मळलेली कणीक.
डोकं बोटाने फिरवून बघते : जड.
पट्टा काढते, मोटरला सुटे तीन व्होल्ट देते.
पळते की! एकटी, ओझ्याशिवाय,
सुट्टी लागलेल्या पोरीसारखी.
सुधाम वाकून बघतो. त्याला जरा वाईट वाटतं
भलत्यावर आळ घेतल्याचं.
बेअरिंग धरलेलं. एवढंच.
झाडूच्या काडीला कापूस, कापसाला स्पिरिट,
चार वेळा काळं, पाचव्यांदा पांढरं,
तेलाचा एक थेंब, दुसरा मुद्दाम नाही.
पट्टा नवा.
घों.

आता नागदेवीतल्या हातगाड्या गेल्यात,
समोरच्या गोदामाचं शटर पडलंय,
रेघ दिसण्याइतका अंधार आहे.
माझ्या पोटमाळ्याच्या खांबावर पेन्सिलची एक खूण,
गल्लीपलीकडच्या भिंतीवर दुसरी,
दोन्ही लोपीसकाकांनी अठ्ठ्याण्णव साली मारलेल्या,
एका पातळीत.
मशीन फिरतं. लाल रेघ वाळत घातलेल्या बनियनवरून जाते,
हमालाच्या टक्कलावरून, विजेच्या वायरींवरून,
माझ्या खांबाच्या खुणेवर बरोबर बसते,
आणि समोर
खुणेच्या वर.
तांदळाच्या दाण्याएवढी वर.

मशीन अर्ध्या फेऱ्याने वळवून पुन्हा ठेवते. तिथेच.
कपाटातलं माझं स्वतःचं मशीन काढते. तेही तिथेच.

"बिघाड आहे अजून?" सुधाम विचारतो.
"मशीनमध्ये नाही."
तो समोर बघतो. मग पायाखाली बघतो.
तेवीस वर्षं छतं सरळ करणारा माणूस, त्याला कळतं.
"भिंत खाली गेली," तो हळू म्हणतो,
"की आपण वर?"
वर जायची या गल्लीला सवय नाही.

साडेआठशे. तो आठशे देतो, मी घेते.
मोटरची तक्रार मी वहीत लिहिते :
दोष नव्हता. अडकवली होती.
भिंतीची तक्रार कुठे लिहायची, त्याचा रकाना नाही.

रात्री वसईला फोन लावते.
लोपीसकाकांचे कान आता गेलेत, ज्या कानांनी
तीन घरं पलीकडची मोटर ओळखली.
मी ओरडते : काका, तुमची खूण उतरलीय!
तांदळाएवढी!
"तांदूळ?" ते म्हणतात,
"इथे सुकेळी मिळतात गं छान,
तांदूळ तू तिकडेच घे."

मी हो म्हणते.
समोर खिडकीत कुणीतरी दिवा लावतं,
आणि बनियन आत घेतं.